जुना कॉम्प्युटर देण्याआधी: हार्ड डिस्क आणि एसएसडी कायमची पुसायची कशी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या मशिनवर विंडोज ११ चालत नाही ती आता घरांतून, दवाखान्यांतून आणि सीएंच्या ऑफिसांतून निघत आहेत. पुण्यात त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत: एक्स्चेंज ऑफर, तपकीर गल्लीच्या आसपासची दुकानं, जुना बाजार, नाहीतर सोसायटीची ई-कचरा मोहीम. देण्याआधी "फॉरमॅट मारला" एवढं पुरेसं समजलं जातं, आणि घोळ तिथेच होतो.

फाइल डिलीट केली की फक्त तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर जागच्या जागी राहतो. क्विक फॉरमॅटमध्ये नोंदींचा तक्ता नवा होतो, मजकुराला हात लागत नाही. फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवलं की आधारचे स्कॅन, बँक स्टेटमेंट, पेशंटचे रिपोर्ट परत वर येतात. दुसरी चूक मेहनती माणसांकडून होते: हार्ड डिस्कसाठी असलेली पद्धत एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) वापरायची आणि काम झालं असं धरून चालायचं. पुसण्याची पद्धत साठवणुकीच्या प्रकारावरून ठरते, म्हणून सुरुवात ओळखण्यापासून.

## टप्पा १: आत काय काय आहे ते ओळखा

विंडोज चालू होत असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅबवर जा. डाव्या बाजूला डिस्क ०, डिस्क १ अशी यादी असते आणि सहसा पुढे एचडीडी की एसएसडी तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात मॉडेल, सिरियल नंबर, जोडणीचा प्रकार आणि डिस्कची तब्येत दिसते. या चारही गोष्टी कागदावर उतरवून घ्या, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतील.

प्रकार साधारण असे:

- फिरती हार्ड डिस्क: डेस्कटॉपमध्ये ३.५ इंची, लॅपटॉपमध्ये २.५ इंची.
- साटा (जोडणीचा जुना प्रकार) एसएसडी: २.५ इंची चपटी डबी किंवा एम.२ पट्टी.
- एनव्हीएमई (जोडणीचा नवा, वेगवान प्रकार) एसएसडी: हीसुद्धा एम.२ पट्टीच. दिसायला साटाच्या पट्टीसारखी, पण तिच्या कमांड वेगळ्या. फरक डोळ्यांनी ठरवू नका, क्रिस्टलडिस्कइन्फोमधला 'इंटरफेस' वाचा.
- ईएमएमसी: चिपवरची साठवण, स्वस्त लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, बहुधा ३२ किंवा ६४ जीबी.
- पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन साठवणी असतात: विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि फाइल्ससाठी १ टीबीची हार्ड डिस्क. लोक एक पुसतात आणि दुसरी तशीच जाते.

कॉम्प्युटरपलीकडेही बघा. सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये नेहमीचीच ३.५ इंची हार्ड डिस्क असते. ऑफिसमधल्या मोठ्या झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर मशिनमध्येही अनेकदा हार्ड डिस्क असते आणि स्कॅन झालेले कागद तिच्यावर साठलेले असू शकतात. मशिन भाड्याचं असेल तर परत करण्याआधी डिस्क पुसून मिळेल का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

## टप्पा २: ठेवायचं ते बाजूला काढा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून घाईत उरकला जातो. नीट पुसलेला डेटा पैसे मोजूनही परत येत नाही, हे लक्षात घेऊन इथे एक पूर्ण संध्याकाळ द्या.

'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' हे फोल्डर सगळ्यांना आठवतात. राहून जातं ते बाकीचं: आउटलुकच्या पीएसटी (ईमेलच्या) फाइल्स, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, टॅलीचा डेटा फोल्डर, डी ड्राइव्हवर थेट टाकलेले फोटो. श्री-लिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर असेल तर त्याचे फॉन्टही बॅकअपमध्ये घ्या. नुसती फाइल नेलीत तर नव्या मशिनवर अक्षरांच्या जागी चिन्हांचा खच दिसेल.

टॅलीचं लायसन्स जुन्या मशिनवर 'सरेंडर' करा आणि ते डिस्क पुसण्याच्या आधी. नंतर ते साध्या पद्धतीने करता येत नाही आणि नव्या मशिनवर लायसन्स चालू करताना अडतं. मशिन किंवा फोनवर लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर ते दुसरीकडे हलवून एकदा लॉगिन करून बघा.

व्यवसायाचा डेटा असेल तर कायद्याने काय जपायचं आहे ते आधी पाहा. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, कंपनीची हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, आणि दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं. पुसण्याची जबाबदारी जेवढी खरी, तेवढीच जपण्याचीही.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या मशिनला लावा आणि प्रत्येक मोठ्या फोल्डरमधल्या चार-पाच फाइल्स प्रत्यक्ष उघडा. फोल्डर दिसतो म्हणजे फाइल शाबूत आहे असं नाही. ही डिस्क आता काढून कपाटात ठेवा, पुसण्याचं काम संपेपर्यंत ती कुठल्याही मशिनला लावू नका.

## टप्पा ३: खाती आणि कुलपं सोडवा

हेही पुसण्याच्या आधीच. उलट क्रमाने केलं तर मशिन रिकामं होतं पण कुलूप तसंच राहतं आणि घेणाऱ्याला ते वापरता येत नाही.

विंडोज: मायक्रोसॉफ्ट खात्यातून साइन आउट करा आणि खात्याच्या वेबसाइटवरच्या डिव्हाइसच्या यादीतून हे मशिन काढा. बायोसला (विंडोजच्या आधी चालणारा मशिनचा मूळ प्रोग्राम) पासवर्ड असेल तर तोही काढा. मॅक आणि आयफोन: 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक राहतो. अँड्रॉइड: रीसेटच्या आधी गूगल खातं फोनमधून काढा, नाहीतर रीसेटनंतर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो.

## टप्पा ४: चुकीची डिस्क पुसली जाणार नाही अशी तयारी

सगळ्यात महागडी चूक इथे होते. ज्या मशिनवर काम करणार त्याला जोडलेल्या बाकीच्या सगळ्या डिस्क, पेन ड्राइव्ह, कार्ड काढून ठेवा. डेस्कटॉप असेल तर दुसऱ्या डिस्कची साटा केबल सरळ उपटून ठेवा. डिस्क तिच्या आकारावरून ओळखू नका, १ टीबीच्या दोन डिस्क असणं अगदी सामान्य आहे. सिरियल नंबर जुळवा.

दुसरी तयारी विजेची. १ टीबीची हार्ड डिस्क मशिनच्या आत जोडलेली असेल तर पूर्ण डिस्क एकदा लिहून काढायची एक फेरी व्हायला साधारण अडीच ते साडेतीन तास लागतात. यूएसबी २.० च्या जुन्या केसमधून तेच काम आठ तासांवर जातं. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, त्यामुळे गुरुवार टाळा. घरगुती यूपीएस एवढे तास तग धरत नाही, तो फक्त क्षणिक झटक्यांपुरता. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावून ठेवा आणि पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. झाकण बंद केल्यावर मशिन झोपतं, ती सेटिंगही बदला.

सावधान: पेन ड्राइव्हवरून बूट करण्यासाठी बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशिन सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागू शकतं. हे तुम्ही रोजच्या चांगल्या लॅपटॉपवर करणार असाल तर त्याची बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ न देण्याची, विंडोजची सोय) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. सिक्युअर बूट बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी की मागू शकतं, आणि ती हाताशी नसेल तर तुमचा चालू डेटाच अडकतो.

## टप्पा ५: फिरती हार्ड डिस्क पुसणे

आजच्या हार्ड डिस्कवर संपूर्ण पृष्ठभाग एकदा शून्यांनी लिहून काढणं पुरतं. ३५ फेऱ्यांची जी पद्धत अजून सांगितली जाते ती १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी त्या काळच्या वेगवेगळ्या एन्कोडिंगच्या डिस्क समोर ठेवून मांडली होती. आताच्या डिस्कवर त्या ३५ फेऱ्यांना अर्थ नाही, हे त्यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं. एक फेरी आणि तिची पडताळणी करा. सात फेऱ्या मारून पडताळणी टाळण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

५.१ बाहेरून जोडलेली डिस्क, विंडोजवरून

१. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून 'डिस्कपार्ट' हे विंडोजमधलं डिस्क हाताळायचं साधन सुरू करा.
२. 'लिस्ट डिस्क' द्या. यादी बघा, मग डिस्क काढून पुन्हा यादी बघा. जी ओळ गायब झाली ती तुमची डिस्क. परत जोडल्यावर तिसऱ्यांदा यादी काढा, कारण क्रमांक बदललेला असू शकतो.
३. 'सिलेक्ट डिस्क' आणि तो क्रमांक द्या.
४. 'डिटेल डिस्क' देऊन मॉडेल कागदावरच्या नोंदीशी ताडून बघा. हा टप्पा कधीही गाळू नका.
५. 'क्लीन ऑल' द्या.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. नुसतं 'क्लीन' दिलं तर फक्त पार्टिशनचा तक्ता जातो आणि काम एका सेकंदात संपतं. एका सेकंदात संपलं म्हणजे काहीच पुसलेलं नाही. दुसरं म्हणजे 'क्लीन ऑल' टक्केवारी दाखवत नाही, खिडकी तासन् तास गोठल्यासारखी दिसते. घाबरून ती बंद केली की अर्धी डिस्क तशीच राहते. काम चालू आहे का हे टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कची हालचाल पाहून ओळखा. आणि डिस्कपार्ट "खात्री आहे का?" असं विचारत नाही. एंटर दाबला की सुरू.

५.२ मशिनच्या आतली डिस्क, जिच्यावरच विंडोज आहे

चालू विंडोज स्वतःची डिस्क पुसू शकत नाही, म्हणून बाहेरून बूट करावं लागतं. त्यासाठी श्रेडओएस हे मोफत साधन आहे. दुसऱ्या मशिनवर रूफस या मोफत सॉफ्टवेअरने ते ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवा, पुसायच्या मशिनचा बूट मेन्यू उघडा आणि पेन ड्राइव्ह निवडा. समोर त्यातल्या एनवाइप या पुसण्याच्या प्रोग्रामची निळी यादी येते.

१. बाणाने डिस्कवर जा, सिरियल नंबर जुळवा, स्पेस दाबून निवडा. बूटची पेन ड्राइव्ह यादीत दिसली तर तिला हात लावू नका.
२. 'एम' दाबून पद्धत 'फिल विथ झीरोज' करा.
३. 'व्ही' दाबून पडताळणी 'लास्ट पास' ठेवा. वेळ जवळपास दुप्पट होतो, तरी ठेवा.
४. कॅपिटल 'एस' दाबा. साध्या लहान 'एस'ने काम सुरू होत नाही, आणि बऱ्याच जणांना वाटतं कीबोर्ड बिघडला.

काम संपल्यावर त्रुटींचा आकडा शून्य असला पाहिजे. डीबॅन हे जुनं साधन अनेक ठिकाणी अजून सुचवलं जातं. ते वर्षानुवर्षं सुधारलेलं नाही आणि नव्या मशिनवर बऱ्याचदा चालतच नाही, त्याच्या मागे लागू नका.

५.३ खराब सेक्टर (डिस्कवरच्या साठवणीचे छोटे तुकडे) असतील तर

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'रीॲलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघा. पहिलीत आकडा असेल तर डिस्कने काही खराब जागा बाजूला टाकून त्यांच्या बदली राखीव जागा वापरली आहे. बाजूला टाकलेल्या जागेवर जुना मजकूर राहू शकतो आणि साधं ओव्हरराइट (वरून लिहिणं) तिथे पोचत नाही. अशा वेळी डिस्कची स्वतःची 'एन्हान्स्ड सिक्युअर इरेज' कमांड वापरा (पद्धत पुढच्या टप्प्यात आहे), कारण ती बाजूला टाकलेले सेक्टरही पुसते. डेटा खरोखर संवेदनशील असेल तर अशी डिस्क विकण्याच्या भानगडीत पडू नका, थेट टप्पा ९ गाठा.

## टप्पा ६: एसएसडी पुसणे

एसएसडीमध्ये कॉम्प्युटरला दिसणारा पत्ता आणि चिपवरची खरी जागा वेगळी असते. चिपच्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून आतला कंट्रोलर दर वेळी नव्या जागी लिहितो. तुम्ही फाइलवर शून्यं लिहिलीत तरी ती दुसरीकडे पडतात आणि जुना मजकूर कंट्रोलर सवडीने साफ करेपर्यंत राहतो. शिवाय प्रत्येक एसएसडीत काही जागा राखीव असते, ती बाहेरून दिसतही नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिप थेट वाचून हेच दाखवलं: एकेक फाइल पुसण्याची हार्ड डिस्कवरची एकही पद्धत एसएसडीवर भरवशाची ठरली नाही. म्हणून एसएसडी बाहेरून पुसायची नसते, तिच्या कंट्रोलरला पुसायला सांगायचं असतं.

सांगायचे मार्ग सोयीच्या क्रमाने असे आहेत. पहिला जमला तर पुढचे बघायची गरज नाही.

६.१ बायोसमधून. डेल, एचपी, लेनोवो यांच्या ऑफिसच्या वापराच्या अनेक मॉडेलांत बायोसमध्येच ही सोय असते. डेलमध्ये ती 'मेंटेनन्स'खाली 'डेटा वाइप' नावाने सापडते, एचपीमध्ये 'सिक्युरिटी'खाली 'सिक्युअर इरेज' नावाने. असूसच्या अनेक मदरबोर्डांवर 'टूल' मेन्यूत 'सिक्युअर इरेज' आहे. पेन ड्राइव्ह लागत नाही, कमांड लागत नाही.

६.२ कंपनीचं सॉफ्टवेअर. सॅमसंग मॅजिशियन, क्रूशियल स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, किंग्स्टन एसएसडी मॅनेजर, डब्ल्यूडी आणि सॅनडिस्कचा डॅशबोर्ड. ज्या एसएसडीवर विंडोज आहे ती त्याच विंडोजमधून पुसता येत नाही. मॅजिशियनसारखी काही सॉफ्टवेअर यासाठी बूट होणारी पेन ड्राइव्ह बनवून देतात, ती सोय नसेल तर एसएसडी दुसऱ्या मशिनला जोडा.

६.३ लिनक्सवरून. पार्टेड मॅजिक हे विकतचं साधन साटा आणि एनव्हीएमई दोन्हींसाठी मेन्यूतून काम करतं. पर्याय निवडताना हे लक्षात ठेवा:

- साटा एसएसडीसाठी 'सिक्युअर इरेज'. 'एन्हान्स्ड' मिळत असेल तर तोच घ्या.
- एनव्हीएमईसाठी 'सॅनिटाइझ' सगळ्यात भक्कम. त्यातला 'ब्लॉक इरेज' सगळ्या पेशी पुसतो, 'क्रिप्टो इरेज' आतली एन्क्रिप्शनची चावी नष्ट करतो. सॅनिटाइझ एकदा सुरू झालं आणि मध्येच वीज गेली, तरी वीज आल्यावर एसएसडी ते काम स्वतःहून पुढे नेते.
- सॅनिटाइझ नसेल तर एनव्हीएमईचं 'फॉरमॅट', पण त्यात 'युझर डेटा इरेज' किंवा 'क्रिप्टोग्राफिक इरेज' निवडलेलं हवं. विंडोजच्या फॉरमॅटशी याचा काही संबंध नाही.

अडचण: 'फ्रोझन' असा शब्द येतो. बायोस सुरू होतानाच साटा डिस्कची सुरक्षा गोठवून ठेवतो, म्हणून कमांड नाकारली जाते. मशिन एकदा स्लीपमध्ये घालून परत जागं करा, बहुतेक वेळा गोठ सुटते. एसएसडी बिघडली असं समजून ती फेकू नका.

सावधान: साटा सिक्युअर इरेज सुरू करताना डिस्कला तात्पुरता पासवर्ड लागतो. मध्ये वीज गेली तर डिस्क त्याच पासवर्डने कुलूपबंद राहते. पासवर्ड काय दिला ते लिहून ठेवा, मग त्यानेच उघडून काम पुन्हा करता येतं.

एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून हे करू नका. बऱ्याच केस या कमांड पुढे पाठवतच नाहीत. मशिनच्या आत थेट स्लॉटमध्ये बसवा. आणि काम काही सेकंदांत किंवा दोन मिनिटांत संपलं तर शंका नको, एसएसडीवर एवढाच वेळ लागतो. हार्ड डिस्कवर एका सेकंदात संपलं तर मात्र नक्की चुकलं आहे.

६.४ यातलं काहीच चालत नसेल तर. ईएमएमसीच्या लॅपटॉपवर आणि काही स्वस्त एसएसडींवर हीच वेळ येते. आधी संपूर्ण ड्राइव्ह बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट करा. बिटलॉकर इथे दोन पर्याय देतो: फक्त वापरलेली जागा, किंवा पूर्ण ड्राइव्ह. लोक वेळ वाचवायला पहिला घेतात आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागेतल्या जुन्या डिलीट केलेल्या फाइल्स उघड्याच राहतात. दुसराच घ्या. एन्क्रिप्शन पूर्ण झाल्यावर 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग', मग 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. तो मुळात बंद असतो. दोन ड्राइव्ह असतील तर 'ऑल ड्राइव्ह्ज' निवडा. घरच्या लॅपटॉपला हे पुरेल. पेशंटचा किंवा अशिलांचा डेटा असेल तर पुरणार नाही, कारण एन्क्रिप्ट करण्याआधीचा मजकूर राखीव जागेत उरू शकतो. विंडोजची ही सोय घरगुती वापरासाठीच आहे असं मायक्रोसॉफ्टही सांगते.

नवं मशिन घेतलं की पहिल्याच दिवशी, फाइल टाकण्याआधी, पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा. पाच वर्षांनी हा सगळा टप्पा चावी नष्ट करण्याएवढा सोपा होतो.

६.५ मॅक. ॲपल सिलिकॉन किंवा टी२ चिप असलेल्या मॅकवर मॅकओएस १२ किंवा पुढचं असेल तर सेटिंग्जमधलं 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' वापरा. साठवण कायम एन्क्रिप्टेड असते आणि चावी पुसली जाते.

## टप्पा ७: पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइल

पेन ड्राइव्ह आणि कार्डांमध्येही फ्लॅश मेमरीच असते, पण सिक्युअर इरेजची कमांड बहुधा नसते. साध्या फोटोंसाठी पूर्ण ओव्हरराइट चालेल. एसडी कार्डासाठी एसडी असोसिएशनचं मोफत फॉरमॅटर आहे, त्यात 'ओव्हरराइट फॉरमॅट' निवडा. संवेदनशील डेटा असेल तर चारशे-पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी जोखीम घेऊ नका, ती फोडा.

मोबाइलमधलं कार्ड आणि सिम आधी बाहेर काढा, फॅक्टरी रीसेट कार्डाला स्पर्श करेलच असं नाही. यूपीआय आणि बँकांची ॲप नव्या फोनवर चालू करा, जुन्यावरून नोंदणी काढा, मग रीसेट. अँड्रॉइड १० पासूनचे नवे फोन एन्क्रिप्टेडच येतात, तिथे रीसेट पुरतो. खूप जुन्या फोनवर आधी सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन चालू करा आणि मग रीसेट करा.

## टप्पा ८: तपासणी

हार्ड डिस्कसाठी: दुसऱ्या मशिनला जोडा. विंडोज "इनिशिअलाइझ करायची का" असं विचारेल, नाही म्हणा. एचएक्सडी हे मोफत हेक्स एडिटर (डिस्कवरचा कच्चा मजकूर आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, डिस्क 'रीड-ओन्ली' ठेवून उघडा आणि पहिला सेक्टर, मधला, शेवटचा आणि कुठलेही दहा-बारा सेक्टर बघा. १ टीबीच्या डिस्कमध्ये सहसा १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, तेव्हा शंभर कोटींच्या आसपासही डोकावा. सगळीकडे फक्त शून्यं हवीत. त्यानंतर फोटोरेक पूर्ण डिस्कवर चालवा, एकही फाइल मिळता कामा नये.

एसएसडीवर ही तपासणी अर्धवटच ठरते. साध्या फॉरमॅटनंतरही कंट्रोलर बाहेर शून्यं दाखवू शकतो, भले चिपमध्ये मजकूर असो. क्रिप्टो इरेजनंतर उलट, अर्थहीन अक्षरं दिसू शकतात आणि तेही ठीक असतं. म्हणून एसएसडीवर खरा पुरावा म्हणजे कमांड यशस्वी झाल्याचा संदेश. सॅनिटाइझ केलं असेल तर त्याचा लॉग 'पूर्ण' दाखवतोय ना हे बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

## टप्पा ९: पुसता येत नसेल तर फोडा

डिस्क ओळखलीच जात नाही, खडखड आवाज करते, पुसताना त्रुटी येतात: अशा वेळी हाच मार्ग. पुसता आलेली चांगली डिस्क मात्र फोडू नका, ती कुणाच्या तरी कामाला येते.

३.५ इंची हार्ड डिस्कचे चांदणीच्या आकाराचे स्क्रू बहुधा टॉर्क्स टी-८ ने उघडतात, २.५ इंचीचे टी-६ ने. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एक स्क्रू लेबलखाली दडलेला असतो. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते. जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे हवेतच. डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, त्या प्रत्येक सुटी काढून वाकवा आणि घासा. डिस्क पुसता आली असेल तितकी पुसून मग फोडणं अधिक चांगलं. आतले चुंबक फार जोरदार असतात, बोट चिमटतं. पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका.

एसएसडीचं ड्रिलने भोक पाडून होत नाही. २.५ इंची डबीत सर्किटची पाटी अनेकदा एक तृतीयांश जागाच व्यापते, त्यामुळे भोक रिकाम्या जागेतून आरपार जाऊ शकतं. डबी उघडा आणि पाटीच्या दोन्ही बाजूंची प्रत्येक काळी चिप फोडा. एकही अखंड राहता कामा नये.

सावधान: घरच्या चुंबकाने हार्ड डिस्क पुसली जात नाही, आणि एसएसडीवर तर मोठ्या डीगॉसरचाही (डिस्क पुसणारं ताकदवान चुंबकीय यंत्र) उपयोग शून्य. डिस्क जाळू नका, धूर विषारी असतो. मोबाइल बॅटरीसकट ठोकू नका, लिथियमची बॅटरी पेट घेते.

## टप्पा १०: नोंद आणि हस्तांतर

घरच्या एका लॅपटॉपला सिरियल नंबर आणि पुसल्याचा फोटो एवढं बस. ऑफिस, दवाखाना, क्लास किंवा सोसायटी असेल तर वही घाला: मशिन, डिस्कचं मॉडेल, सिरियल नंबर, पद्धत, पडताळणीचा निकाल, तारीख, करणाऱ्याची सही. एनवाइपच्या नव्या आवृत्त्या प्रत्येक डिस्कचं पीडीएफ प्रमाणपत्र बनवतात, ते सोबत लावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने जपायची नसेल तर, ती पुसणं ही माहिती ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे (कायद्याचा हा भाग मे २०२७ पासून लागू होतो). सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

ई-कचरा घेणाऱ्याकडून पावती घ्या. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि मोठ्या ग्राहकांनी नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्वापर करणारे यांनाच माल द्यायचा असतो. घरगुती ई-कचरा पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेमार्फतही गोळा होतो. "आम्ही डेटा पुसून देतो" असं कुणी म्हणालं तर प्रमाणपत्रावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आहे का ते बघा. "२० नग पुसले" एवढंच लिहिलेला कागद स्वीकारू नका. आणि जमेल तिथे डिस्क आपल्याच ऑफिसात पुसून मग बाहेर पाठवा, गाडीत चढताना तिच्यावर काही नसावं.